सनी रॉलिन्सने ऐन भरात कार्यक्रम बंद करून पूल का गाठला?

तुमचा प्रश्न: "सनी रॉलिन्स हा जॅझ सॅक्सोफोनवादक नावारूपाला आलेला असताना दोन वर्षं गायब झाला आणि न्यूयॉर्कच्या एका पुलावर वाजवायचा, असं वाचलं. खरं आहे का? का केलं त्याने असं? आणि जॅझ अजिबात न कळणाऱ्याने त्याचं काय ऐकावं?"

खरं आहे. फक्त 'गायब झाला' हा शब्द तेवढा फसवा आहे. १९५९च्या उन्हाळ्यापासून १९६१च्या हिवाळ्यापर्यंत रॉलिन्सने ना कार्यक्रम केले, ना रेकॉर्ड काढली. वाजवलं मात्र भरपूर, काही दिवशी तर चौदा-पंधरा तास. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, रियाज. तिथल्या पत्रकारांकडे तो नव्हता, म्हणून त्यांनी त्याची दंतकथा केली.

पूलच का, याचं कारण तर फारच घरगुती आहे. तो तेव्हा मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, ग्रँड स्ट्रीटवर एका लहानशा घरात राहत होता. शेजारी एक गरोदर बाई होती. टेनर सॅक्सोफोन म्हणजे काही बासरी नव्हे; भिंत पलीकडची असली तरी आवाज थेट उशाशी येतो. त्या बाईला आणि होणाऱ्या बाळाला त्रास नको, म्हणून तो अवघडून वाजवायचा. एक दिवस फिरता फिरता त्याला विल्यम्सबर्ग पुलाचा जिना दिसला. वर गेला तर पादचाऱ्यांचा लांबलचक रस्ता आणि माणूस जवळजवळ नाहीच. बाजूने लोकल गाड्या धडधडत जाताहेत, खाली नदीत बोटी भोंगे वाजवताहेत. तिथे कितीही जोरात फुंकलं तरी तक्रार करणार कोण?

हे मला इतकं पटतं याचं कारण मी स्वतः चाळिशी उलटल्यावर एक जुना सॅक्स विकत घेतला. ठाण्यात आठव्या मजल्यावर राहतो. पहिल्याच आठवड्यात समोरच्या काकूंनी दारात उभं राहून गोड आवाजात विचारलं, "रोज किती वाजेपर्यंत असतं हो तुमचं?" तेव्हापासून मी खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून, मागच्या सीटवर बसून वाजवतो. वॉचमनला सवय झाली आहे. पण यातून एक गोष्ट कळली. बंद जागेत आवाज भिंतींवरून परत येतो आणि आपण फार भरीव वाजवतोय असं वाटतं. एकदा येऊरच्या बाजूला मोकळ्यावर जाऊन वाजवलं, तर तोच आवाज मच्छरासारखा. मोकळ्या हवेत तुमची खरी फुंक उघडी पडते. रॉलिन्स दोन वर्षं नदीवरच्या वाऱ्यात आणि रेल्वेच्या खडखडाटात वाजवत होता. त्याचा सूर पुढे एवढा रुंद का झाला, हे समजायला मला दुसरं स्पष्टीकरण लागत नाही.

आता 'का' याकडे येतो. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

वॉल्टर थिओडोर रॉलिन्स, जन्म ७ सप्टेंबर १९३०, न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन आयलंड्सचे. वाढला तो हार्लेमच्या शुगर हिल भागात, आणि ही वस्ती म्हणजे जॅझचं गिरगावच म्हणा. ज्याला तो देव मानायचा तो टेनर सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स त्याच परिसरात राहायचा. शाळकरी वयातच तो पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी तालमींना जाऊ लागला. आधी आल्टो सॅक्स, मग सोळाव्या वर्षाच्या आसपास त्याहून खालच्या सुराचा टेनर. १९४९मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, रेकॉर्डिंगला सुरुवात.

आणि मग हेरॉइन. त्या पिढीतल्या किती वादकांना त्याने गिळलं याची गणती नाही. सगळ्यांचा आदर्श असलेला सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर घेतो म्हणजे घ्यायला हवं, असा समज मुलांमध्ये पसरला होता. १९५०मध्ये सशस्त्र लुटीच्या गुन्ह्यात रॉलिन्सला अटक झाली आणि रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्याने दहा महिने काढले. सुटला, पुन्हा घेऊ लागला, पुन्हा आत गेला. गंमत अशी की याच काळात, १९५४ साली, त्याने ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर 'ओलिओ', 'एअरजिन' आणि 'डॉक्सी' या आपल्या तीन रचना वाजवल्या. जॅझवाले त्या आजही वाजवतात. ('एअरजिन' म्हणजे नायजेरिया उलटं लिहिलेलं.) व्यसनात बुडालेल्या माणसाची कला भोगातून उमलते वगैरे लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. रॉलिन्स स्वतः त्या दिवसांबद्दल शरमेनेच बोलत आला आहे.

१९५५मध्ये तो आपण होऊन केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात उपचारांसाठी दाखल झाला. बाहेर आल्यावर थेट क्लबात जाण्याची त्याला भीती वाटत होती, कारण माल विकणारेही तिथेच भेटणार. म्हणून शिकागोत साफसफाईची, मजुरीची कामं केली आणि रियाज चालू ठेवला. माझ्या मते त्याचा पहिला 'पूल' हा. याच्यावर कोणी दंतकथा रचली नाही एवढंच.

त्या वर्षाच्या शेवटी तो ड्रमवादक मॅक्स रोच आणि क्लिफर्ड ब्राउन यांच्या वाद्यवृंदात आला. ट्रम्पेटवादक ब्राउन त्याच्याच वयाचा, निर्व्यसनी, शांत आणि अफाट तयारीचा. नशा न करताही असं वाजवता येतं, हे रॉलिन्सने रोज शेजारी उभं राहून पाहिलं. २२ जून १९५६ला रॉलिन्सने एका दिवसात 'सॅक्सोफोन कोलॉसस' ही रेकॉर्ड केली. कोलॉसस म्हणजे महाकाय पुतळा. चारच दिवसांनी, २६ जूनला, ब्राउन मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्याच गाडीत पियानोवादक रिची पॉवेल आणि त्याची बायकोही होती.

या रेकॉर्डवर दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही तुमच्या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत. एक 'सेंट थॉमस'. त्याच्या लहानपणी आई गायची ती कॅलिप्सोची, म्हणजे कॅरिबियन लोकसंगीताची, चाल. दुसरी 'ब्लू सेव्हन', अकरा मिनिटांची. हिच्यात रॉलिन्स एक छोटासा तुकडा घेतो आणि पुढचं सगळं त्यातूनच काढत जातो, ज्याला आपण बढत म्हणू. तोपर्यंत बरेचसे जॅझवादक चाल वाजवून झाली की ती बाजूला ठेवून खालच्या स्वरसंगतीवर पळत सुटायचे. १९५८मध्ये गुंथर शुलर या संगीतकाराने 'ब्लू सेव्हन'चा अक्षरशः स्वरास्वराने काथ्याकूट करणारा लेख लिहिला, की पाहा हा माणूस किती विचारपूर्वक बांधणी करतो. लेख उत्तम आहे. पण ज्याच्यावर लिहिला तो मात्र तो वाचून अवघडला. सहज सुचत होतं ते 'आपण असं करतो' हे कळल्यावर सुचेना. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कोणालाही विचारा, हे किती खरं आहे ते सांगतील.

मधल्या दोन-तीन वर्षांत त्याने कामाचा नुसता पाऊस पाडला. 'वे आउट वेस्ट' तर मार्च १९५७मध्ये पहाटे तीन वाजता रेकॉर्ड केली, कारण बाकीच्या दोघांना दुसरा मोकळा वेळच नव्हता. त्यात पियानो नाही. फक्त बास, ड्रम आणि सॅक्स. एखाद्या गायकाने पेटी नको म्हणावं तसं. आधार गेला, पण हात मोकळे झाले. १९५८ची 'फ्रीडम सूट' ही साधारण वीस मिनिटांची रचना काळ्या अमेरिकनांच्या हक्कांबद्दल होती. तेव्हा नाव झालेलं असूनही न्यूयॉर्कमध्ये घर शोधताना त्याला रंगामुळे नकार मिळत होते. पुढे कंपनीने तीच रेकॉर्ड दुसऱ्या, निरुपद्रवी नावाने पुन्हा बाजारात आणली.

तर १९५९मध्ये परिस्थिती अशी: वय अठ्ठावीस, व्यसन सुटलेलं, जाहिरातीत नाव मोठ्या अक्षरात, समीक्षक 'महाकाय' म्हणताहेत. आणि रॉलिन्सला रोज वाटतंय की आपण तेवढे नाही. लोक ज्या अपेक्षेने तिकीट काढून येतात तेवढं आपण देत नाही. त्याने नंतर हेच कारण अनेकदा सांगितलं: काही गोष्टी पक्क्या करायच्या होत्या, आणि त्या लोकांसमोर पक्क्या होत नाहीत. सिगारेट कमी केली, व्यायाम सुरू केला.

ऑर्नेट कोलमन या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाच्या नव्या संगीताला घाबरून तो पळाला, असंही काही ठिकाणी वाचायला मिळेल. तारखा बघा: कोलमन न्यूयॉर्कमध्ये गाजला नोव्हेंबर १९५९ला. रॉलिन्स उन्हाळ्यातच पुलावर गेला होता.

पुलावर तो अगदी एकटाच असायचा असंही नाही. सोप्रानो सॅक्स वाजवणारा स्टीव्ह लेसी अधूनमधून सोबतीला यायचा. १९६१मध्ये एका पत्रकाराला तो तिथे सापडला. त्याने लेख लिहिला, पण वादकाचं नाव आणि पूल दोन्ही बदलून. असा भला पत्रकार विरळाच.

परतल्यावर १९६२मध्ये जिम हॉल या गिटारवादकाबरोबर 'द ब्रिज' आली. आणि काही समीक्षक नाराज झाले! दोन वर्षं तप केलं तर काहीतरी क्रांतिकारक आणायला हवं होतं म्हणे, हा तर पहिल्यासारखाच वाजवतोय. मला हे फार विनोदी वाटतं. माणूस स्वतःची दुरुस्ती करायला गेला होता, नवा धर्म स्थापन करायला नव्हे. फरक ऐकायचाच असेल तर संथ गाण्यांमध्ये ऐका, स्वर किती वेळ नि किती निवांत धरून ठेवतो ते.

आता आपल्या मुंबईचा भाग, जो सांगितल्यावर जॅझवाले मित्रही चमकतात. साठच्या दशकाच्या शेवटी रॉलिन्सने पुन्हा सगळं थांबवलं, आणि त्या काळात तो पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने येऊन राहिला. होय, आपलं पवई. सॅक्स घेऊन आला होता. ध्यानाला बसायचा, पण जमेना. तशी कबुली दिल्यावर स्वामींनी जे सांगितलं त्याचा आशय असा: तू वाजवतोस तेच तुझं ध्यान आहे, वेगळं काही करायला नको. रॉलिन्सने हा प्रसंग पुढे कित्येक मुलाखतींत सांगितला आहे. मी त्या रस्त्याने दहा वर्षं ऑफिसला गेलो, बसमध्ये कानात त्याचंच संगीत असायचं, आणि ही गोष्ट मला नोकरी बदलल्यानंतर कळली. १९७८ला रंगभवनात पहिली 'जॅझ यात्रा' भरली तेव्हाही तो मुंबईत वाजवून गेला.

१९७२नंतरची रॉलिन्सची कारकीर्द लांब आहे, पण त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड मला सपक वाटतात. स्टुडिओत तो आखडायचा. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र वेगळाच माणूस. १९८६मध्ये एका कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू असताना त्याने उंच दगडी चौथऱ्यावरून खाली उडी मारली, टाचेचं हाड मोडलं, आणि पठ्ठ्या पाठीवर पडल्या पडल्या वाजवतच राहिला. बायको ल्युसिल त्याचा सगळा व्यवहार बघायची.

११ सप्टेंबर २००१ला तो वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून अगदी जवळ, एका इमारतीच्या एकोणचाळिसाव्या मजल्यावर होता. संध्याकाळी सवयीने सॅक्स काढला, खोल श्वास घेतला, आणि हवेतली ती धूळ पोटापर्यंत गेल्यासारखं वाटून बंद केला. दुसऱ्या दिवशी लोकांना बाहेर काढलं तेव्हा सगळे जिने तो सॅक्स घेऊन उतरला. वय ७१. बॉस्टनचा ठरलेला कार्यक्रम रद्द करावा असं त्याच्या मनात होतं. ल्युसिलने ऐकलं नाही. १५ सप्टेंबरला तो कार्यक्रम झाला, ध्वनिमुद्रित झाला आणि पुढे त्यातल्या एका वादनाला ग्रॅमी मिळालं.

शेवटी फुप्फुसांनी साथ सोडली. २०१२नंतर जाहीर कार्यक्रम नाही, आणि २०१४पासून घरीसुद्धा वाजवणं बंद. पुलावर जाणं त्याच्या मर्जीचं होतं. हे नव्हतं.

काय ऐकायचं? 'सेंट थॉमस'पासून सुरू करा. सुरुवातीला ड्रम एकटाच येतो, मग सॅक्स. पहिल्यांदा फक्त चाल लक्षात ठेवा, पायाने ठेका धरा, बाकी काही कळून घेऊ नका. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचं एकल वादन सुरू झालं की बघा, दोनच स्वर घेऊन तो किती वेळ खेळतो, लहान मूल एकच शब्द वेगवेगळ्या सुरात म्हणून बघतं तसा. ते आवडलं तर 'ब्लू सेव्हन', तीही रात्री, दिवे मालवून. 'द ब्रिज' त्यानंतर. हेडफोन लावलेत तर काकूंचा प्रश्न येणार नाही.