टर्फ की गवत?

प्रश्न: पोरगा रोज टर्फवर फुटबॉल खेळतो नि गुडघे सोलवटून येतो, गवताचं ग्राउंड शोधू का? – एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, टर्फवर, म्हणजे त्या प्लास्टिकच्या गवतावर, घसरलं की कातडी जातेच, २०१५चा महिला वर्ल्डकप कॅनडात सगळा टर्फवरच ठेवला तेव्हा खेळाडूंनी आधी रीतसर तक्रार केलेली पण ऐकतंय कोण, नि पुरुषांच्या २०२६च्या वर्ल्डकपला मात्र न्यू जर्सीच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये टर्फच्या जागी चक्क खरं गवत, आता बोला! तरी आपल्याकडं पावसाळ्यात गवताच्या ग्राउंडचा नुसता चिखल होतो, रोज खेळायला टर्फच बरं पडतं. भर दुपारी नको, टर्फमध्ये पसरलेले काळे रबराचे दाणे जाम तापतात. लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट रुततात नि गुडघा पिरगळतो, बारीक स्टडवाले घ्या. सोलवटलेलं मात्र लगेच साबणाने धुवायचं.