f इंटिग्रेबल असेल तर Σ f(x+n) ही श्रेणी अभिसारी असते का?

हो, f संपूर्ण वास्तव रेषेवर लेबेग-इंटिग्रेबल असेल (म्हणजे ∫|f| सांत असेल) तर ही श्रेणी (n सगळ्या पूर्णांकांवर) जवळजवळ प्रत्येक x साठी अभिसारी असते, आणि तीही |f(x+n)| घेऊन. नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या वर्गाला मेझर थिअरी (मापन सिद्धांत) शिकवताना मी हे असं सांगतो: मेनरोडवरच्या दुकानात कापडाचं ठाण मीटर-मीटरने कापून तुकडे एकावर एक रचतात, तशी रेषा [n, n+1) अशा तुकड्यांत कापा आणि सगळे [0, 1) वर रचा. पदं ऋण नसल्यामुळे टोनेलीच्या प्रमेयाने बेरीज आणि इंटिग्रल यांची अदलाबदल चालते:

∫₀¹ Σ|f(x+n)| dx = Σ ∫ₙⁿ⁺¹ |f| = ∫|f| < ∞

ज्याचं इंटिग्रल सांत, ते फल शून्य मापाचा (एकूण लांबी शून्य असलेला) संच सोडून सगळीकडे सांतच असतं. झालं.

पण 'जवळजवळ' हा शब्द गाळू नका, परीक्षेत मार्क तिथेच जातात. f सतत असलं तरी तो लागतो: प्रत्येक n ≥ 1 वर शिखर, उंची 1 आणि पाया 1/2ⁿ असलेला त्रिकोण काढा, बाकी ठिकाणी f = 0. एकूण क्षेत्रफळ फक्त 1/2, तरी x = 0 ला बेरीज 1+1+1+… होते.

सरकवण्याचं अंतरही महत्त्वाचं आहे. n ऐवजी √n घेतलंत तर तुकडे एकमेकांवर दाटीने चढतात: f(x) = 1/(1+x²) इंटिग्रेबल आहे, पण Σ f(x+√n) ची पदं साधारण 1/n सारखी वागतात, म्हणून ती प्रत्येक x ला अपसारी.