दोन कोटी लहान फायलींसाठी कोणती फाइल सिस्टीम निवडावी?

लिनक्स सर्व्हरवर प्रत्येकी एक-दीड केबीच्या सुमारे दोन कोटी फायली ठेवायच्या असतील, तर ईएक्सटी4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमपैकी (डिस्कवर फायली मांडून ठेवण्याच्या पद्धतींपैकी) काय घ्यावे, असे आपण विचारले आहे. एक्सएफएस घ्या. मात्र हा मजकूर मुळात स्वतंत्र फायलींत ठेवायचाच कशाला, हे आधी ठरवा. आमच्याकडे तो प्रश्न कोणाला पडलाच नव्हता.

एका दूध संघाचा सर्व्हर माझ्याकडे होता. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज सहा हजार पावत्या येत आणि लिटर, फॅट, एसएनएफ, दर एवढाच मजकूर असलेली प्रत्येक पावती सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये स्वतंत्र फाइल होऊन साठे. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका पहाटे, केंद्रांवर कॅन घेऊन शेतकरी रांगेत उभे असताना, ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येऊन पावत्या निघेनाशा झाल्या. मी पाहिले, तर 100 जीबीच्या पार्टिशनपैकी दोन तृतीयांश जागा रिकामी होती. तरीही घाईत आठ जीबीची एक जुनी बॅकअप फाइल पुसली. त्यानंतर नेमकी एक पावती साठली आणि पुन्हा तीच सूचना आली.

त्या एका पावतीमुळे दुखणे कळले. प्रत्येक फायलीसाठी फाइल सिस्टीममध्ये एक नोंद लागते, तिला आयनोड म्हणतात. आमच्या ईएक्सटी4 मध्ये आयनोडांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. दर 16 केबीमागे एक या मूळ प्रमाणाने 100 जीबीला 65,53,600 आयनोड मिळतात, आणि रोजच्या सहा हजारांनी ते तीन वर्षांत संपतात. आठ जीबी पुसले तरी सुटला तो एकच आयनोड. फॉरमॅट मीच केले होते आणि ते प्रमाण 4 केबीवर आणायला हवे होते, हे मान्य आहे.

वरिष्ठांनी मात्र 200 जीबीची डिस्क मागवली. डिस्क दुप्पट म्हणून आयनोडही दुप्पट झाले, काम सुरू झाले, आणि ‘डिस्कच लहान होती’ हे त्यांचे म्हणणे आजतागायत खरे मानले जाते.

एक्सएफएस आयनोड लागतील तसे तयार करते, म्हणून आपल्यावर ही वेळ येणार नाही. परंतु एक केबीची फाइल तेथेही 4 केबीचा ब्लॉक (जागावाटपाचे सर्वांत लहान एकक) अडवतेच. बीटीआरएफएस 2,048 बाइटपर्यंतचा मजकूर मेटाडेटातच (फायलींविषयीच्या नोंदींतच) सामावून घेते, पण एका डिस्कवर मेटाडेटाच्या सहसा दोन प्रती ठेवल्या जातात, त्यामुळे वाचलेली जागा काही अंशी पुन्हा जाते. रायझरएफएस या जुन्या फाइल सिस्टीमची शिफारस करणारे जुने लेख वाचूच नका, लिनक्स 6.13 मधून ती काढून टाकली आहे.

माझे मत तेव्हाही हेच होते की, असा मजकूर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवावा. बॅकअप घेताना लाखो फायली एकेक करून चाळत बसावे लागत नाही, हा लाभ तर जागेहून मोठा आहे. अर्थात, एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच प्रक्रिया (चालू असलेला प्रोग्राम) लिहू शकते, त्यामुळे आपल्याकडे अनेक प्रक्रिया सतत लिहीत असतील तर हा सल्ला तपासून घ्यावा. दोन पाळ्यांतल्या सहा हजार पावत्यांना ती अडचण येणार नव्हती, हे मी तेव्हा वरिष्ठांनाही सांगितले होते.