सही कार्यासन अधिकाऱ्याची, नाव राज्यपालांचं

प्रश्न : माझ्याकडे तीन कागद आहेत. कार्यासन अधिकाऱ्याच्या (मंत्रालयातल्या डेस्क ऑफिसरच्या) सहीचा शासन निर्णय, राज्यपालांचा उल्लेखच नसलेलं शासनाचं एक पत्र आणि माझ्या अर्जावर मंत्रिमहोदयांनी लिहिलेला ‘मान्य’ हा शेरा. कोर्टात यातलं काय टिकेल?
– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : बाई, मंत्रालयात नोकरी होती तेव्हा अशा निर्णयांच्या तळाशी मीही सह्या केल्या आहेत. त्यातला एकही राज्यपालांनी पाहिला नसेल. पाहायची गरजही नव्हती. संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो. सही कोणी करायची ते त्यांनी केलेल्या नियमांत असतं. तुमच्या प्रतीचं शेवटचं पान काढा. ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि खाली सही-हुद्दा असेल, तर ‘हा राज्यपालांचा आदेशच नव्हे’ एवढ्या मुद्द्यावर तो कोणाला उडवता येत नाही. आशय बेकायदा असेल तर भांडायला वाट मोकळी आहेच. प्रत खरी की बनावट, ते त्यावरचा संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर ताडून कळेल.

पत्रात ती ओळ नाही, म्हणून पत्र रद्दी होत नाही. दत्तात्रय मोरेश्वर पांगारकर विरुद्ध मुंबई राज्य या १९५२च्या खटल्यात स्थानबद्धतेच्या आदेशाबाबत हाच वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने शब्दयोजनेतल्या उणिवेवरून आदेश रद्द केला नाही. मात्र अशा वेळी निर्णय खरोखर झाला होता, हे सरकारला दाखवावं लागतं. माहितीच्या अधिकारात त्या नस्तीच्या, म्हणजे फाइलच्या, टिप्पण्या मागून ठेवा. (जिल्हाधिकारी कायद्याने स्वतःला मिळालेल्या अधिकारात आदेश काढतात, त्यावर राज्यपालांचं नाव शोधत बसू नका.)

शेऱ्याचं मात्र अवघड आहे. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, शेरा मिळवायचा आणि फोल्डरमध्ये घालून काम झालं म्हणून घरी यायचं, असे कितीतरी नाशिककर मी पाहिले. बच्छित्तर सिंग या सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात पेप्सूच्या (पुढे पंजाबात विलीन झालेल्या राज्याच्या) महसूलमंत्र्यांनी बडतर्फी सौम्य करण्याचा शेरा नस्तीवर लिहिला होता. तो आदेश म्हणून निघाला नाही, कर्मचाऱ्याला कळवला गेला नाही. पुढे मुख्यमंत्र्यांनी बडतर्फीच कायम केली आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या शेऱ्याला आदेश मानलं नाही. तुमचा अर्ज विभागात देऊन आवक क्रमांक घ्या आणि रीतसर आदेश निघेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.