वाचकांचे प्रश्न : भर घातली की भजनाचा रंग का उडतो?

प्रश्न : खंजिरी भजनाच्या स्पर्धेसाठी आमच्या मंडळानं यंदा जुन्याच चालीत भर घातली. पेटीवर हरकती (सुरांची छोटी नक्षी), खंजिरीवर लग्ग्या (जलद ठोक्यांचे तुकडे), प्रत्येक कडव्याला तिहाई (तीनदा वाजवून तालाच्या पहिल्या ठोक्यावर संपवायचा तुकडा). गावात म्हटलं तर लोकांनी टाळ्या धरल्याच नाहीत. साध्या चालीवर तेच लोक डोलतात. चुकतंय कुठं?
(भजनी मंडळाचे सचिव, ता. तिवसा, जि. अमरावती)

उत्तर : मेहनत वाया गेलेली नाही, ती सगळी एकदम ऐकणाऱ्याच्या अंगावर आली. ऐकताना माणूस मनातल्या मनात पुढचा ठोका, पुढचा सूर धरून चालतो. प्रत्येक अंदाज खरा ठरला तर लक्ष उडतं. सारखा चुकत राहिला तर तो अंदाज बांधणंच सोडतो, आणि मग त्याला काही वाटेनासं होतं. गुंतागुंत वाढते तशी गोडी वाढते आणि एका टप्प्यानंतर उतरते, हे डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञानं १९७१मध्येच मांडलं. २०१४ साली ड्रमच्या तालांवर झालेल्या एका अभ्यासात, ज्या तालांत आडवे (अपेक्षित जागा चुकवणारे) ठोके ना फार कमी ना फार जास्त, त्यांवरच लोकांना सर्वाधिक डोलावंसं वाटलं.

तुमचा ठेका बहुधा आठ मात्रांचा (ठोक्यांचा) केहरवा ताल असेल. लोकांची टाळी पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडते. आता समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, ‘तिट कत धा’ हा तीन मात्रांचा तुकडा तीनदा घ्या. पहिला धा येतो तिसऱ्या मात्रेवर, दुसरा सहाव्या, आणि तिसरा थेट पुढच्या समेवर. दोन धा टाळीला चुकवतात, तिसरा टाळीवरच पडतो, आणि ‘वा!’ तिथंच निघते. पण त्यासाठी टाळ पहिल्या-पाचव्यावर वाजत राहिले पाहिजेत. टाळकरीही खंजिरीमागे धावले (ही चूक मंडळांत फार दिसते), की ऐकणाऱ्याला चुकल्याचं कळत नाही आणि जुळल्याचंही नाही.

म्हणून टाळांना हात लावू नका. ध्रुवपद पहिल्या दोन वेळा कोरं म्हणा, एकही हरकत न घेता. पहिल्या कडव्यात पेटी खुलू द्या, खंजिरी साधी ठेवा, दुसऱ्यात उलट. तिहाई अख्ख्या भजनात दोन, फार तर तीन, आणि त्याही ओळ संपल्यावर. शब्दांवर तिहाई टाकली की शब्दही जातो आणि तिहाईही. सुरुवातीला दोन टाळ्यांत सेकंदाहून थोडं जास्त अंतर असू द्या. लय चढून ते पाऊण सेकंदाच्या आत आलं की मुरक्या (सुरांची झटपट वळणं) गाळा. टिनाच्या मंडपात भोंग्याचा आवाज घुमतो आणि द्रुत सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका ऐकू येतो.

तालमीला चाल न ऐकलेला एक जण बसवा आणि त्याला टाळी धरायला सांगा. जिथं त्याची टाळी सुटेल आणि दोन आवर्तनांत (तालाच्या फेऱ्यांत) परत सापडणार नाही, तिथली भर काढून टाका.

प्रश्न : रेडिओवर बडा ख्याल (संथ लयीतलं शास्त्रीय गायन) लागला की बाबांचे डोळे भरतात, मला काहीच होत नाही. माझा कान कमी पडतो का?
(विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. बाबांना पुढचं वळण ओळखीचं आहे, तुम्हाला नाही. नुसत्या पुन:पुन्हा भेटीनंही एखादी गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्ये दाखवलं होतं. मात्र सुरुवात बड्या ख्यालानं नको. विलंबित (अतिसंथ) एकतालाचं एक आवर्तन मिनिटाभराच्या आसपास जाऊ शकतं, तोवर नवख्याची सम हरवते. तीनतालातला एखादा छोटा ख्याल (जलद लयीतली बंदिश) निवडा आणि आठवडाभर तोच ऐका. आधी फक्त सम हातावर धरा, मग मुखडा (समेकडे नेणारी सुरुवातीची ओळ) कुठून उचलतात ते पाहा. ताना (जलद सुरांच्या लडी) शेवटी.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकात आई-लेकीच्या ताटातुटीचं गाणं आहे. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), ढोलकी सगळं लावूनही प्रेक्षक रडत नाहीत.
(पेटीवादक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : ‘लावूनही’ नव्हे, लावल्यामुळेच. १९९९मध्ये बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्तानी रागांची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. संथ लय आणि गुंतागुंतीची सुरावट असली की त्यांना दुःख जाणवलं. जलद लय आणि सोपी सुरावट असली की आनंद. म्हणजे करुण गाण्यात गुंता चालतो, पण तो गळ्यात असावा आणि त्याला वेळ मिळावा. ऑक्टोपॅड त्या प्रवेशात पूर्ण बंद ठेवा. ढोलकीही पहिल्या अंतऱ्यानंतर, हलक्या हातानं.

तुमच्या पेटीबद्दलही सांगायला हवं. पेटीचे सूर ठरलेले, तिच्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं) निघत नाही. गायिका ‘ग’वरून ‘रे’वर घसरत येते तेव्हा तुम्ही तिच्यासोबत तेच सूर दाबले, तर तिची घसरण तुटून दोन पायऱ्या ऐकू येतात. तिथं नुसता षड्ज (सा) धरून ठेवा, भाता मंद. ओळ पुरी झाली की तिचा शेवटचा सूर एकदाच द्या आणि पुढच्या ओळीआधी थांबा.