लुआ ५.१ वरून ५.४: पॉइंटनंतरचाच आकडा बदललाय, पण…

प्रश्न असा आहे की लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेच्या ५.१ आवृत्तीतला बराच जुना कोड पडून आहे, तो ५.४ वर न्यायचाय, आणि "पॉइंटनंतरचा आकडाच तर बदललाय, मग एवढं काय वेगळं असणार?" मी हे दोन प्रोजेक्टमध्ये केलंय, एकदा नीट आणि एकदा डोकं आपटून, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, लुआमध्ये पॉइंटनंतरचा आकडा हीच खरी आवृत्ती असते. बगफिक्स येतात ते तिसऱ्या आकड्यात, ५.४.१, ५.४.२ असे. ५.१ आली २००६ मध्ये, ५.२ आली २०११ च्या डिसेंबरात, ५.३ आली २०१५ च्या जानेवारीत आणि ५.४ आली २०२० च्या जूनमध्ये. म्हणजे तुम्ही एक पायरी नाही, तीन पायऱ्या चढताय आणि मध्ये चौदा वर्षं गेलीयेत. लुआ बनवणारे लोक जुन्या गोष्टी काढून टाकायला अजिबात लाजत नाहीत. भाषा लहान राहिलीय ती त्याच्यामुळेच, नाहीतर नुसती भर घालत गेलं की काय होतं ते बाकीच्या भाषांत बघतोच आपण. गंमत बघा, ५.१ मध्ये राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, २१ होते, ५.४ मध्ये २२. चौदा वर्षांत वाढला एकच, तो म्हणजे गोटू, आणि तोही लोक मुख्यतः लूपमधली एक फेरी सोडून पुढे जायला वापरतात कारण लुआत कंटिन्यू नाहीच.

आता मोडणाऱ्या गोष्टी दोन जातीच्या, ओरडणाऱ्या म्हणजे एरर देणाऱ्या, आणि गप्प बसणाऱ्या म्हणजे एरर न देता चुकीचं चालणाऱ्या. ओरडणाऱ्यांची भीती बाळगू नका. टेबलमधल्या किमती सुट्या करून देणारं अनपॅक हे ग्लोबल फंक्शन ५.२ पासून टेबल लायब्ररीत गेलं, त्यामुळे जुना कोड पहिल्याच कॉलला नीलवर, म्हणजे 'काहीच नाही'वर, आपटतो, एरर येते, लाइन नंबर मिळतो, फाइलच्या वर "लोकल अनपॅक = टेबल.अनपॅक ऑर अनपॅक" अशी एक ओळ टाकली की दोन्हीकडे चालतं. स्ट्रिंगमधला कोड चालवायला घेणाऱ्या लोडस्ट्रिंगचं काम आता लोड करतं. मॉड्यूल हे फंक्शन ५.२ मध्येच बाद ठरलं, त्याच्या जागी एक लोकल टेबल बनवा, त्यात फंक्शन्स घाला, शेवटी ते रिटर्न करा. कंटाळवाणं काम आहे पण एका दुपारचं.

ओरडणाऱ्यांपैकी खरा वेळ खाणारं एकच, सेटएफएन्व्ह, म्हणजे फंक्शनला कुठले ग्लोबल दिसतील (त्याचं एन्व्हायर्नमेंट) ते बदलणारं फंक्शन. तुम्ही युजरच्या स्क्रिप्ट्स सँडबॉक्समध्ये, म्हणजे मोजक्याच गोष्टींना हात लावू देऊन, चालवत असाल तर तुमच्या कोडमध्ये ते नक्की असणार. ५.२ पासून ते गेलं आणि त्याऐवजी अंडरस्कोर एन्व्ह नावाचं व्हेरिएबल आलं, ग्लोबल नाव दिसलं की ते त्या टेबलात शोधलं जातं, बस. लोडला चौथं आर्ग्युमेंट म्हणून तुमचं सँडबॉक्सचं टेबल द्या, बहुतेक ठिकाणी भागतं. पण आधीच चालू असलेल्या फंक्शनचं एन्व्हायर्नमेंट बाहेरून बदलायची सवय असेल तर तो भाग नव्याने लिहावा लागेल.

आता गप्प बसणाऱ्या. ५.३ च्या आधी लुआत आकड्यांचा एकच प्रकार होता, डबल फ्लोट, म्हणजे दशांश चिन्हवाला आकडा. ५.३ मध्ये ६४ बिटचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, वेगळा झाला. हे व्हायलाच हवं होतं, कारण डबलमध्ये २ चा ५३ वा घात ओलांडला की पूर्णांक नेमके राहत नाहीत, डेटाबेसमधून आलेला लांबलचक आयडी शेवटच्या एकदोन अंकांत हळूच बदलायचा आणि कळायचं नाही. पण त्याची किंमत अशी की साधा भागाकार, म्हणजे एका तिरक्या रेघेचा, कायम फ्लोटच देतो आणि फ्लोट प्रिंट करताना आता पॉइंट शून्य दिसतं. ५.१ मध्ये १० भागिले २ प्रिंट केलं की ५ यायचं, ५.३ पासून ५.० येतं.

एवढ्याने काय बिघडतं असं मलाही वाटलं होतं. माझ्या एका खेळाच्या स्क्रिप्टमध्ये स्कोअरला १०० ने भागून लेव्हलचा नंबर काढायचो आणि तो फाइलच्या नावाला जोडायचो. स्कोअर ३०० झाला की लेव्हल_३ उघडायची. नवीन व्हर्जनवर प्रोग्राम शोधायला लागला लेव्हल_३.० आणि ती फाइल नाही म्हणून डीफॉल्ट लेव्हल लोड व्हायची, कारण फाइल नसेल तर डीफॉल्ट उघड असं शहाणपण मीच करून ठेवलेलं. एरर नाही, काही नाही. एक अख्खी संध्याकाळ मी लेव्हल एडिटरवर संशय घेत बसलो. त्यात आणखी फसवणूक अशी की टेबलची की म्हणून ३.० आणि ३ एकच धरले जातात, त्यामुळे टेबलमधून वाचलेलं सगळं व्यवस्थित चालत होतं, फक्त स्ट्रिंगला जोडलं की घोळ.

उपाय म्हणजे दोन तिरक्या रेघांचा नवा ऑपरेटर, तो खालच्या पूर्णांकाकडे भागतो, ७ // २ म्हणजे ३. पण लक्षात ठेवा, दोन्हींपैकी एक आकडा जरी फ्लोट असला तरी उत्तर फ्लोटच येतं, आणि ऋण आकड्यांत -७ // २ हे -४ होतं, -३ नाही. स्ट्रिंगसाठी खात्रीचा मार्ग म्हणजे स्ट्रिंग.फॉरमॅट टक्का डी (%d, पूर्णांक लिहिण्याची खूण) सकट. तिथेही एक काटा आहे, ५.१ त्याला ३.५ दिलं तर मुकाट्याने ३ करायचा, ५.३ पासून एरर देतो. मॅथ.रँडमचंही तेच. एन भागिले २ पर्यंतचा रँडम आकडा मागत असाल तर एन सम असताना चालेल आणि विषम असताना आपटेल, म्हणजे तुमच्या टेस्टमध्ये एन १० असेल तर सगळं हिरवंगार दिसणार.

रँडमवरून आठवलं, ५.४ मध्ये जनरेटरच बदललाय आणि प्रोग्राम सुरू होताना सीड, म्हणजे रँडम मालिका जिथून सुरू होते तो आकडा, आपोआप वेगवेगळं पडतं. आधी सीड दिलं नाही तर दर वेळी तीच मालिका यायची आणि कोणाच्या तरी टेस्ट नकळत त्यावर उभ्या असायच्या. तसं असेल तर सीड स्वतः द्या, मात्र जुनीच मालिका परत मिळेल ही आशा सोडा.

बदल्यात मिळतं काय? माझ्या मते सगळ्यात कामाचं म्हणजे ५.४ मधलं क्लोज. लोकल व्हेरिएबलच्या नावापुढे टोकदार कंसात क्लोज लिहायचं की ब्लॉक संपताना, मध्येच एरर येऊन बाहेर पडलात तरी, फाइल बंद होते. किंमत पुढे बदलू न देणारं कॉन्स्टही असंच कंसात लिहायचं. बघा, इथेही त्यांनी नवा राखीव शब्द वाढवला नाही. कोरुटीन (मध्येच थांबवून पुढे चालू करता येणारं फंक्शन) वापरत असाल तर ५.२ पासून पीकॉलच्या, म्हणजे एरर पकडणाऱ्या कॉलच्या, आतून यील्ड करता येतं, म्हणजे मध्येच थांबता येतं, ५.१ मध्ये यासाठी मी काय काय कसरती केल्यात ते सांगत नाही. आणि ५.३ ची यूटीएफ-८ (मराठीसारख्या लिपी साठवायची पद्धत) लायब्ररी. "मराठी" या शब्दाची लांबी # ने १५ येते कारण ते बाइट मोजतं, यूटीएफ-८ ची लेन ५ सांगते. डोळ्यांना अक्षरं तीनच दिसतात, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात, त्यामुळे स्क्रीनवर ओळी जुळवायला यावर विसंबू नका. नको झालेली मेमरी, म्हणजे कचरा, गोळा करायचा जनरेशनल मोडही ५.४ मध्ये आहे, लहान लहान टेबल खूप बनत असतील तर त्याने फरक पडतो का ते मोजून बघा.

आता खरं तर आधी विचारायला हवं होतं ते, तुमचा कोड चालतो कशाच्या आत? स्वतंत्र प्रोग्राम असेल तर वरचं सगळं लागू. पण नियोव्हिम (कोड लिहायचा एडिटर) किंवा रेडिस (डेटाबेस) याच्या आत चालत असेल तर तिथे ५.१ चीच भाषा आहे, नियोव्हिममध्ये लुआजिट ही तिची वेगवान आवृत्ती आणि रेडिसमध्ये थेट ५.१, आणि रोब्लॉक्स या गेम प्लॅटफॉर्मची लुआऊ पण ५.१ मधूनच फुटलेली वेगळी शाखा आहे. तिथे ५.४ चा सिंटॅक्स लिहिलात तर पार्सरच अडवेल. व्हर्जन सांगणारा ग्लोबल (_VERSION) त्या होस्टच्या, म्हणजे तुमचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आतून प्रिंट करून बघा, टर्मिनलवरच्या लुआवर जाऊ नका, ती वेगळी असू शकते.

स्वतंत्रच असेल तर आधी सगळ्या कोडमध्ये एकेरी तिरकी रेघ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर पुढे कुठे जातं ते बघा, स्ट्रिंगला जोडलं जातंय की लायब्ररीच्या फंक्शनला दिलं जातंय. अनपॅक वगैरे नंतर, ते स्वतःच हाका मारतील. सी भाषेत लिहिलेली मॉड्यूल्स असतील तर ५.४ च्या हेडरवर परत कंपाइल करावीच लागतात, जुन्या लुआने आधीच कंपाइल करून ठेवलेलं बाइटकोडही चालत नाही, मूळ सोर्स जवळ आहे ना ते आजच तपासा.