लिथुआनियाची रसा, आपला रस्सा, आणि ऋता नसलेली रूता

प्रश्न असा आलाय: ऑफिसच्या टीममध्ये लिथुआनियाचे तिघं आहेत, रसा, रूता आणि गिंतरस. ही मूळ संस्कृत नावं का? रूता म्हणजे आपली ऋताच ना? आणि लिथुआनियन भाषा संस्कृतपासून निघाली हे खरंय का?

शेवटचं आधी घेतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. नाही निघाली. दोघी एकाच आजीच्या नाती आहेत, आणि आपण मात्र दर वेळी एकीला दुसरीची आई करून मोकळे होतो. त्यांचा 'उग्निस' म्हणजे आपला अग्नी (त्यावरून मुलीचं नाव उग्ने), त्यांची 'आउश्रा' म्हणजे आपली उषा, 'सूनुस' म्हणजे सूनुः, मुलगा. पण हे कोणी कोणाकडून उसनं नेलेलं नाही, दोघींना वारशात मिळालंय. फॉरवर्डवाले तर फॉरवर्डवालेच, पण व्यासपीठावरून बोलणारे संस्कृतचे जाणकारही जेव्हा 'तिकडे गेलेलं संस्कृत' म्हणतात तेव्हा खरंच चिडचिड होते. उग्निस तिकडे स्त्रीलिंगी आहे, सूर्यसुद्धा (साउले) बाईच आहे आणि चंद्र पुरुष. तिकडे जाता जाता लिंग बदललं म्हणायचं का?

निसर्गावरून नावं हा तिथला मोठा शौक आहे. एग्ले म्हणजे स्प्रूसचं झाड, आउद्रा वादळ, गिएद्रे निरभ्र आकाश, मिग्ले धुकं (आपल्या मेघाची नातलग बरं का). लिएपा म्हणजे लिंडेनचं झाड आणि जुलै महिनासुद्धा, कारण तेव्हा ते फुलतं. बाकीची यादी कुठेही मिळेल, मी टाइप करत बसत नाही. फक्त ही नावं म्हणजे 'हजारो वर्षांची वैदिक परंपरा' वगैरे समजू नका. जुनी नावं दोन तुकडे जोडलेली असायची, व्हिताउतस, गेदिमिनस अशी. 1387 मध्ये देशाचा बाप्तिस्मा झाला, मग योनस आणि ओना अशी ख्रिस्ती नावं आली, आणि झाडं-धुकं-पहाट ही फॅशन मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या राष्ट्रीय जागृतीनंतरची. 1864 ते 1904 झारने लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायलाच बंदी घातली होती, तेव्हा 1883 मध्ये सीमेपलीकडे प्रशियात छापून चोरून आणलेल्या वर्तमानपत्राचं नाव काय होतं? आउश्रा, पहाट.

आता रसा. रसा म्हणजे दव. लॅटिन रोस, रशियन रसा, अर्थ तोच, दव. 24 जूनच्या सणाला तिकडे योनिनेस म्हणतात तसंच रसोसही म्हणतात, त्या पहाटेच्या दवाने मुली तोंड धुवायच्या. इथपर्यंत सगळे बरोबर असतात आणि मग लगेच 'म्हणजे आपला रस!' म्हणून थांबतात. अहो, रस पुल्लिंगी आहे. लिथुआनियन रसा स्त्रीलिंगी, शेवटी 'आ', मग तिची जुळी बहीण संस्कृतात स्त्रीलिंगीच शोधायला नको का? आहे की! ऋग्वेदात रसा नावाची नदी आहे. इंद्राची कुत्री सरमा गाई पळवणाऱ्या पणींकडे जाते तेव्हा ते पहिल्याच ऋचेत तिला विचारतात की रसेचं पाणी तू ओलांडलंस तरी कसं. पारशांच्या अवेस्तामध्ये हीच रंघा, आणि प्राचीन भूगोलकार टॉलेमीने रशियातल्या व्होल्गा नदीला 'र्‍हा' म्हटलंय तेही त्यातलंच असं बऱ्याच जणांचं मत आहे, मला ते शंभर टक्के पटतं. म्हणजे एका टोकाला दव, दुसऱ्या टोकाला जगाच्या कडेने वाहणारी नदी, ओलावा तोच.

आणि खरी गंमत पुढे आहे. अमरकोशात पृथ्वीच्या नावांमध्ये अनंता, रसा, विश्वंभरा असं येतं. टीकाकार म्हणतात रसयुक्त म्हणून रसा, जे मला अगदीच शाळकरी वाटतं. माझं म्हणणं, पृथ्वीभोवती वाहणारी ती नदी आधी, मग तिच्यापलीकडचं किंवा खालचं जग, आणि मग पृथ्वी. म्हणून तर रसातल! आपण 'देश रसातळाला चाललाय' म्हणतो ना, त्यात ही विल्नियसची दवबिंदूवाली पोरगी बसलेली आहे. हे कोणी मानो न मानो, मी सोडणार नाही. रस्सा मात्र त्या पुल्लिंगी 'रस'कडून आलेला, त्यामुळे ऑफिसात तांबड्या-पांढऱ्याचे विनोद करणाऱ्यांना सांगा की नातं लागतं, पण चुलत.

रूता हो, राहिलीच. ऋत, सत्य, विश्वाचा नियम यातलं काहीही नाही. बारशाच्या नावांच्या वेबसाइटवर रूता-ऋता एकाच ओळीत दिलेलं असतं ते कोणी आणि कशाच्या जोरावर लिहितं देव जाणे. रूता हे झुडूप आहे, नाव लॅटिन रूतावरून, त्याआधी ग्रीक, म्हणजे लिथुआनियात ते बाहेरून आलेलं. तरी त्यांची राष्ट्रीय वनस्पती झालंय, अंगणात मुलीने रूता लावायची, लग्नात डोक्यावर तिचाच मुकुट, कौमार्याची खूण. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी पोहण्यात सोनं जिंकलेली मेइलुतितेही रूताच. आणि हे झुडूप तुम्ही पाहिलंय, वासही घेतलाय. आपल्याकडे त्याला सताप म्हणतात, लहान बाळांसाठी आज्या कुंडीत लावायच्या तोच उग्र वासाचा. आपण मुलीचं नाव सताप ठेवू का? त्यांनी ठेवलं.

गिंतरसमध्ये रस शोधू नका प्लीज. 'अस' हा नुसता प्रत्यय आहे, आपल्या विसर्गासारखा, देवः तसा त्यांचा 'दियेवस'. गिंतर म्हणजे बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडतो तो अंबर (आकाश नव्हे, झाडाच्या राळेचा पिवळा खडा), संस्कृतात तृणमणी. हाक मारताना तो 'अस' जातो आणि 'गिंतराय' होतं, संबोधन विभक्ती अजून जिवंत आहे त्यांच्याकडे. तर त्याला गिंतराय म्हणा, खूश होईल. रसा आणि रूता हाकेतही तशाच राहतात.